पिंपातला निळा कोल्हा

सासूबाईंची किंकाळी ऐकू आली तेव्हा मी थालीपीठ लावत होते. पिठाच्या हातांनी तशीच तळघरात धावले. आमच्या पिट्सबर्गच्या घरात कपडे धुण्याचं मशीन खाली असतं. सासूबाईंचा वाळवणीच्या मशीनवर विश्वास नाही, म्हणून त्या आपलं लुगडं दोरीवर टाकायला गेल्या होत्या. दोरीवर आधीच एक हातभर लांब, झुबकेदार, निळी शेपटी लोंबत होती. शेजारी दोन केसाळ पंजे. आणि टेबलावर, पंख्यासमोर, कोल्ह्याचं भलंमोठं मुंडकं डोळे वटारून बसलेलं!

"अगं, कुणाचं गं हे?"

"भावोजींचं," मी म्हटलं. आणि लगेच जीभ चावली. पण आता काय उपयोग?

मैत्रिणींनो, थोडं मागचं सांगायला हवं. माझे धाकटे दीर शिकायला म्हणून इकडे आले, नोकरीला लागले आणि आमच्याकडेच राहू लागले. सरळ, कामसू मुलगा. पण त्याला एक छंद. इकडे ह्या छंदवाल्यांना 'फरी' म्हणतात. माणसासारखे बोलणारे-चालणारे प्राणी ज्यांना मनापासून आवडतात, असे हे लोक. चित्रं काढतात, गोष्टी लिहितात, प्रत्येकाचा स्वतःचा असा एक प्राणी असतो, त्याला नाव असतं, स्वभाव असतो. त्यातले काही जण त्या प्राण्याचा केसाळ पोशाख करून घालतात. सगळे नाही हं. पूर्ण पोशाख बहुतेकांकडे नसतोच, कारण तो बनवून घ्यायचा तर दोन-चार हजार डॉलर सहज जातात. भावोजींनी नुसतं डोकं, पंजे आणि शेपूट केली, तीही हप्त्याहप्त्याने.

मला त्याने दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. ह्यांनाही ठाऊक होतं. पण 'आईला कळता कामा नये' अशी दोघा भावांची शपथ! त्यात २०२४ च्या उन्हाळ्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या त्या बॅगेत पाच स्थळांच्या पत्रिका घेऊन. पोशाख बिचारा वॉटर हीटरच्या मागे दडून बसला. जुलैत मेळावा होता, म्हणून भावोजींनी रात्री गुपचूप धुवून वाळत टाकला, आणि झालं ते झालं.

दोन दिवस सासूबाई त्याच्याशी बोलल्या नाहीत. मला वाटलं, मुंडकं बघून बिचकल्या असतील. रात्री भांडी आवरताना मला म्हणाल्या, "सोंगाचं काही नाही गं. थोरल्याला माहीत, तुला माहीत, तुझ्या नऊ वर्षांच्या पोरीला माहीत. मलाच तेवढं नाही. मी काय परकी?"

ह्याला काय उत्तर देणार?

शेवटी भावोजीच जेवताना म्हणाले, "आई, शनिवारी तू चल. डोळ्यांनी बघ आणि मग काय बोलायचं ते बोल." "मी नाही यायची," असं म्हणून त्यांनी भात कालवला. शनिवारी सकाळी नऊ वाजता बघते तर इरकली नेसून, दशम्यांचा डबा घेऊन सोफ्यावर तयार!

आता ह्या गावाबद्दल दोन शब्द. पिट्सबर्ग म्हटलं की लोकांना पोलादाच्या गिरण्या आठवतात, पण त्या बहुतेक केव्हाच बंद झाल्या. आपल्या माणसांना पेन हिल्सचं वेंकटेश्वराचं देऊळ माहीत असतं. १९७० च्या दशकातलं ते, अमेरिकेतल्या जुन्या देवळांपैकी एक. गाव डोंगरउतारांचं, आणि पुलांचं तर विचारूच नका, चारशेच्या वर आहेत म्हणतात. आम्ही गावाच्या नैर्ऋत्येला राहतो. तिकडून येताना फोर्ट पिट बोगद्यात शिरायचं. अंधार, दिवे, भिंती, आणि बाहेर पडलात की एकदम, अक्षरशः पडदा वर जावा तसं, अख्खं शहर समोर उभं! मनोंगहेला आणि अ‍ॅलेगेनी ह्या दोन नद्या मिळून ओहायो होते तो संगम डाव्या हाताला, आणि पिवळेधमक पूल. सासूबाईंनी कऱ्हाडचा प्रीतिसंगम आठवून हात जोडले. मी कितीदा ह्या बोगद्यातून आले असेन, तरी दर वेळी मान वर होतेच.

अ‍ॅलेगेनीच्या काठी डेव्हिड लॉरेन्स यांच्या नावाचं मोठं सभागृह आहे, २००३ साली उघडलेलं. नदीवर झुकलेलं त्याचं छप्पर झुलत्या पुलासारखं दिसतं. इथे दर वर्षी जुलैच्या सुरुवातीला 'अँथ्रोकॉन' भरतो. फरी लोकांचा पहिला स्वतंत्र मेळावा १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात झाला, तेव्हा शंभरसुद्धा माणसं नव्हती. अँथ्रोकॉन १९९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीला सुरू झाला, मग फिलाडेल्फियाला गेला, आणि २००६ पासून पिट्सबर्गचाच झाला. त्या वर्षी अडीच हजारांच्या आसपास लोक होते. २०२४ मध्ये १७,००० च्या वर! गावाने सुरुवातीला भुवया उंचावल्या असतील, पण आता खानावळीवाले दारात पंजांची चित्रं लावतात आणि पेयाला आठवणीने स्ट्रॉ देतात. लांब नाकाच्या मुखवट्यातून पेला तोंडाला कसा लावणार?

पोशाखवाल्यांची मिरवणूक शनिवारी दुपारी निघते, आणि २०१४ पासून ती बाहेरच्या रस्त्यावरही येते. त्यामुळे तिकीट नसलेल्यांनाही पाहता येते. तुमचं कधी जुलैत येणं झालं तर तासभर आधी जाऊन सावलीची बाजू धरा. डोक्याला टोपी आणि पाण्याची बाटली विसरू नका. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: मुलांना शेपट्या ओढू देऊ नका, आणि मिठी मारायची तर आधी विचारा. आत माणूस आहे.

आणि तो माणूस किती उकडत असतो! मुखवट्याच्या आत स्पंजचा सांगाडा, वर नकली फर, बघायला डोळ्यांत जाळी. पायाखालची पायरीही दिसत नाही. म्हणून बरोबर एक धरून नेणारा लागतो. त्या दिवशी ते काम माझं होतं. भावोजींचं कोपर धरून मी "पायरी आली, उजवीकडे पोर आहे" असं मराठीत सांगत चालले होते. मुखवट्यात एक बारका पंखा बसवलाय, त्याच्या घूंऽऽमध्ये त्याला निम्मंच ऐकू येत होतं. सभागृहात ह्या लोकांसाठी एक वेगळी खोली असते. तिथे मोठमोठे पंखे, पाणी, मुखवटे काढून बसायची सोय. बाहेर, पोरांसमोर, डोकं काढायचं नाही असा संकेत. आपल्याकडे दशावतारातला नट तोंड रंगवल्यावर ज्या अदबीने वागतो, तसंच काहीसं.

लांडगे, वाघ, हिरवे ड्रॅगन, एक हत्तीएवढं अस्वल, चष्मा लावलेला उंदीर... दोन हजारांच्या वर पोशाख समोरून गेले. माझी लेक टाळ्या पिटून दमली. सासूबाई गप्प. त्यांचं माहेर गुहागरकडचं. मध्येच म्हणाल्या, "शिमग्याला आमच्याकडे संकासुर यायचा. काळा झगा, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. आम्ही पोरं माळ्यावर जाऊन लपायचो. माझा भाऊच असायचा आत, तरी लपायचो." मी म्हटलं, मग हे तसंच की. तर ताडकन म्हणाल्या, "तसंच कसं? ते देवाचं असतं. हे कुणाचं?"

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आणि खरं सांगू, अजूनही सुचलेलं नाही.

तुम्ही विचाराल, ह्यात काही वावगं नसतं का? मीही आई आहे, मीही विचारलं होतं. भावोजींनी आडपडदा न ठेवता सांगितलं की मोठ्यांसाठीची चित्रं ह्या छंदात असतात, ती वेगळी ठेवलेली असतात आणि वय पाहिल्याशिवाय तिकडे सोडत नाहीत. म्हणून माझं मत असं, की पोराला हा नाद लागला तर ओरडू नये, पण एकट्यालाही सोडू नये. बरोबर जावं. अफवाही फार. मी इथे दर रविवारी मराठीचा वर्ग घेते. २०२२ मध्ये एक पालक घाबऱ्याघुबऱ्या विचारायला आल्या, की स्वतःला मांजर समजणाऱ्या मुलांसाठी शाळांत म्हणे मातीचे डबे ठेवतात, खरं का? पुढाऱ्यांनीसुद्धा भाषणांत सांगितलेली ही गोष्ट. शोधायला गेलेल्यांना अशी एकही शाळा सापडली नाही. ह्या लोकांचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञही सांगतात, की बहुतेकांना आपण माणूस आहोत हे चांगलं ठाऊक असतं. छंद आहे, बस्.

मिरवणूक संपता संपता भावोजींच्या शेपटीची शिवण उसवली. शेजारी घडीच्या खुर्चीवर एक साठीची गोरी बाई बसली होती, मांडीवर शिवणाचा डबा. तिची मुलगी जांभळा ड्रॅगन होती, आणि बाई कितीतरी वर्षं हा डबा घेऊन येत होत्या. तिने सुई ओवली, पण तिला बारीक दिसेना. सासूबाईंनी न बोलता तिच्या हातातून सुई घेतली आणि बसल्या शिवायला. बाईने खुणेने दाखवलं: केस आधी बाजूला सारायचे, टाका आतून घालायचा, मग ब्रशने केस शिवणीवर ओढायचे, म्हणजे जोड दिसत नाही. दोघींना एकमेकींची भाषा अजिबात येत नव्हती. दशमी मात्र दोघींनी अर्धी अर्धी खाल्ली.

संध्याकाळी भावोजी साधे कपडे घालून आले आणि आम्ही नदीकाठच्या बाकावर बसलो. घामाने केस चिकटलेले, चेहरा लालबुंद. सासूबाईंनी पदराने त्याचं कपाळ पुसलं आणि विचारलं, "निळाच का रे?"

"तुझाच आहे तो. रंगाऱ्याच्या पिंपात पडलेला."

"पंचतंत्रातला?"

"हो. रोज रात्री सांगायचीस. तो कोल्हेकुई करतो आणि सगळ्यांना कळतं, तिथे मला रडू यायचं. मग तू म्हणायचीस, रडू नको, तो पळाला, दुसऱ्या रानात गेला, तिथे त्याला कुणी काही म्हणालं नाही."

सासूबाई बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गोष्टीत मारतात त्याला."

"माहीत आहे. मोठेपणी वाचलं."

ह्यांनी उगाच घसा खाकरला. माझ्या लेकीने शेवटची दशमी कुणाला हवी म्हणून विचारलं.

घरी परतताना बोगद्याच्या तोंडाशी सासूबाई एकदम बोलल्या, "त्या पत्रिका मी परत नाही नेणार. पण ज्या मुलीला भेटशील तिला आधी सांग. लग्नानंतर तिने तळघरात किंचाळायला नको." भावोजी हो म्हणाले. त्यातल्या एकीला त्याने फोनवर सांगितलंही. तिकडून दोन दिवस काही कळलं नाही, आणि मग नकार आला. सासूबाईंनी ती पत्रिका फाडली नाही, नुसती बाजूला ठेवली.

पोशाखाची निगा विचाराल तर: गार पाणी, सौम्य साबण, हाताने दाबून धुणं, आणि वाळवणीच्या मशीनच्या वाटेला मुळीच जायचं नाही, उष्णतेने नकली फरचे केस कुरळे होऊन चिकटतात. पंख्यासमोर वाळवायचं आणि ओलसर असतानाच ब्रश फिरवायचा. "मी म्हणत होते ना, दोरीच बरी!" असं सासूबाईंनी मला दोनदा ऐकवलं.

डिसेंबरात त्या परत गेल्या. पुढच्या वर्षी जुलैत भावोजींनी पेटी उघडली तर शेपूट जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलेली, आणि मुखवट्यात, नाकापर्यंत ठासून, डांबराच्या गोळ्या! तीन दिवस उन्हात ठेवूनही वास जाईना. मिरवणुकीत बाकीचे प्राणी त्याच्यापासून दोन हात लांबच चालत होते.