केडगावच्या माळावर

महाराष्ट्रात केडगावे दोन आहेत. एक नगरच्या वेशीला लागून, देवीच्या देवळामुळे प्रसिद्ध. दुसरे पुणे-दौंड लोहमार्गावरचे. या दुसऱ्या केडगावला मुद्दाम उतरणारा प्रवासी विरळाच. पुण्याहून दौंडकडे निघालेली सावकाश गाडी हडपसर, मांजरी, लोणी अशी थांबत जाते. उरुळीला प्रकृतीची माणसे उतरतात, कारण तिथे गांधीजींनी १९४६ साली सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम आहे. यवतला भुलेश्वराच्या डोंगराकडे जाणारे भाविक उतरतात. मग खुटबाव आणि त्यानंतर केडगाव. इथे उतरतात ते बहुधा गावचेच लोक, नाहीतर गुळाचे व्यापारी. पूर्वी हा सारा माळ. आता कालव्याच्या कृपेने दोन्ही बाजूंना ऊस उभा आहे, आणि हंगामात गुऱ्हाळांचा गोड, करपट वास थेट गाडीच्या डब्यात येतो.

या माळावर पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन आहे. शाळेच्या पुस्तकात रमाबाईंवर एखादा धडा असतो आणि त्यात केडगावचे नाव शेवटच्या ओळीत येते. आपली ओळख तेवढीच. धडा लिहिणाराला संस्कृत पंडिता रमाबाई सोयीच्या वाटतात, आर्य महिला समाज काढणाऱ्या रमाबाईही चालतात. ख्रिस्ती रमाबाईंपाशी आला की तो घाईने चार वाक्यांत मोकळा होतो. पण बाईंच्या आयुष्याची निम्म्याहून अधिक वर्षे त्या ख्रिस्ती होत्या, आणि अखेरची पंचवीस वर्षे त्यांनी या माळावर काढली. ख्रिस्ती होणे ही एका दिवसाची गोष्ट. १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडात वाँटेज या गावी त्यांचा बाप्तिस्मा झाला, संपले. पुढची एकोणचाळीस वर्षे, आपल्या माणसांनी पाठ फिरवलेली असताना आणि परक्यांनी बोट धरून चालवायचा हट्ट धरलेला असताना, ख्रिस्ती म्हणून राहायचे कसे, हा खरा प्रश्न होता. केडगाव हे त्याचे उत्तर आहे, आणि ते पाहायला मिळते.

आधी थोडे मागे जायला हवे. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी १८५८ साली गंगामूळच्या अरण्यात जन्मली. बापाने बायकोला संस्कृत शिकवले म्हणून गावाने छळले, आणि पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडणे नशिबी आले. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने आईबाप नेले. भुकेने माणूस कसा मरतो हे रमाबाईंनी वयाच्या सोळाव्या वर्षी आपल्या घरात पाहिले. पुढे कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले, भाऊ गेला, बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झाले, मुलगी मनोरमा झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत तेही गेले. चोवीस वर्षांची ही विधवा पदरी लेक घेऊन पुण्यात आली.

इंग्लंडातल्या मठवासी भगिनींनी त्यांना आसरा दिला हे खरे. पण आसरा देणाऱ्याला वाटू लागते की डोकेही आपल्याकडेच गहाण आहे! बाई शाकाहारी, अंडे घातलेले गोडधोडही खाईनात. भगिनींना त्यात जातीचा ताठा दिसला. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. लॅटिन मला येत नाही, माझ्या देशबांधवांनाही येत नाही, अक्षरे हवीतच तर संस्कृत का नकोत, असा बाईंचा सवाल. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी सूचना निघाली, तेव्हा मुंबईचे आणि लाहोरचे बिशप आडवे आले. हिंदुस्थानात गेल्यावर तिच्या कामाला बाधा येईल म्हणे. बाईंनी पत्रातून चांगलेच खडसावले. ज्या बाईने काशीच्या परंपरेपुढे मान तुकवली नाही ती बिशपांपुढे कशी तुकवील? ख्रिस्तावर निष्ठा, पण चर्चच्या प्रत्येक हुकमावर नाही, ही रेघ त्यांनी तिथेच ओढली. शाकाहार आणि पांढरे सुती लुगडे अखेरपर्यंत सुटले नाही.

दुसरी रेघ पुण्यात ओढावी लागली. अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षे पैसा पुरवण्याचे वचन दिले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचे असे ठरले होते. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. याच गोदूबाई १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून बाया कर्वे झाल्या. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. पण काही मुली बाईंच्या सकाळच्या प्रार्थनेत जाऊन बसू लागल्या. बाई दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. बोलावीत नसत आणि हाकलीतही नसत. 'केसरी' ने टीकेचे रान उठवले. १८९३ सालीच रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतले असते तर वाद मिटला असता असे त्या काळी पुष्कळांना वाटले असेल. मला वाटते, दार लावले असते तर सदन टिकले असते आणि रमाबाई उरल्या नसत्या. तरी पालकांचीही बाजू अगदीच पोकळ नव्हती. तटस्थ घरात आदरणीय बाईंचे उघडे दार हेही एक आमंत्रणच असते.

आता केडगावची गोष्ट. अमेरिकेच्या वचनाची दहा वर्षे १८९८ साली संपणार होती. पैसा आटला तर मुलींनी खायचे काय? बाईंनी देवाकडे प्रार्थना केली आणि जमीनही पाहिली. मला या बाईंबद्दल आदर वाटतो तो या दोन्ही गोष्टी त्या एकदम करीत म्हणून. परदेशी मित्रांच्या मदतीने केडगावी सुमारे शंभर एकर माळ घेतला. संत्र्या-लिंबांची बाग लावायची आणि उत्पन्नावर सदन चालवायचे असा बेत होता.

फळे धरण्याआधी दुष्काळ आला. १८९६ च्या अखेरीपासून मध्य प्रांतात माणसे मरू लागली. बाई स्वतः तिकडे गेल्या. सोळाव्या वर्षी पाहिलेले सारे त्यांना पुन्हा दिसले असणार. मदतछावण्यांच्या आडोशाने तरुण पोरींचा बाजार मांडलेलाही त्यांनी पाहिला, आणि शेकडो मुली घेऊन त्या परतल्या. तो पुण्यात प्लेग! शहरात नव्या मुली ठेवायला सरकारची बंदी. तेव्हा या मुलींना मोकळ्या माळावर, केडगावच्या शेतात आणून छपरांखाली ठेवले. मुक्तिसदन असे सुरू झाले. त्याच १८९७ साली प्लेगच्या इस्पितळात बायकांची कशी आबाळ होते यावर रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' मध्ये सरकारविरुद्ध जळजळीत पत्र लिहिले. धर्म साहेबाचा म्हणून साहेबाचे सगळेच बरोबर, असा हिशेब त्यांच्या वहीत नव्हता. पुढे १९१९ मध्ये त्याच सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले, ही सरकारची गंमत.

१९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर इथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. वाचकहो, आपल्याकडे दिवाळीला आठ पाहुणे आले तर पाण्याचा पिंप आणि डाळीचा डबा पाहून गृहिणीचा जीव खालीवर होतो. इथे रोज दोन वेळा दोन हजार पाने! माळावर विहिरी खणवल्या. शेती, दूधदुभते, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना, सगळे मुलींच्या हातांनी. वाट चुकलेल्या किंवा चुकवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन, म्हाताऱ्या आणि पंगूंसाठी प्रीतिसदन, आंधळ्यांसाठी बार्तिमी सदन. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवण्याचे काम मनोरमाबाईंनी उचलले. १९०५ साली इथे मोठी धर्मजागृती झाली आणि मुली रात्र रात्र प्रार्थना करू लागल्या. तिची वर्णने परदेशात फार वाचली जातात. मला त्यांपेक्षा घाण्याची आणि विहिरींची हकीगत अधिक बोलकी वाटते.

एक अडचणीचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. १८९८ नंतर मुक्तिसदन उघडपणे ख्रिस्ती संस्था झाली. उपाशी पोर भाकरी देणाऱ्या हाताचा धर्म घेते, तेव्हा ते निवडते की नुसतेच बिलगते? हा आक्षेप त्या काळीही घेतला गेला आणि तो खोटा म्हणून उडवून लावता येणार नाही. पण त्याचबरोबर हेही विचारावे लागते की त्या पोरींना रस्त्यावरून उचलायला दुसरे किती जण गेले होते. दोन्ही प्रश्न शेजारी ठेवूनच या आवारात हिंडावे. मी तसाच हिंडलो. आवार मोठे आहे, झाडी चांगली आहे, मधोमध चर्च आहे. निराधार मुली आणि स्त्रिया आजही इथे राहतात. बाईंची समाधीही इथेच आहे. पुण्याच्या वाड्यातून निघालेले वादाचे आवाज इतक्या दूर येत नाहीत. आला तर रेल्वेचा भोंगा येतो.

उतारवयात बाईंनी आणखी एक काम घेतले. बायबलचे मराठी भाषांतर होतेच, पण त्यातले संस्कृत वळणाचे शब्द खेड्यातल्या बाईला कळत नाहीत आणि तिला जुन्या पोथ्यांकडेच नेतात, असे त्यांचे मत. म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या सगळे नव्याने, साध्या मराठीत उतरवायला बसल्या. संस्कृतवर सभा जिंकलेली बाई संस्कृत शब्द वेचून बाहेर काढीत होती! भाषांतर वाचताना कुठे कुठे ठेचाही लागतात. साधेपणाचा हट्टही कधी कधी बोजड होतो. २४ जुलै १९२१ रोजी, जिच्या हाती सगळे सोपवायचे ती मनोरमा आईच्या आधी गेली. बाई कामावरच राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. १९२४ साली ग्रंथ छापून बाहेर पडला तो केडगावच्याच छापखान्यातून, जिथे दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या मुलींना खिळे जुळवायला शिकवले होते.