मामी, ब्रेक दाब!

सोमवारी सकाळी आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये वीकएण्डचा हिशेब मांडला जातो. कुणी ट्रेक मारलेला असतो, कुणी अख्खी सीरिज एका दमात संपवलेली असते. माझा नंबर आला की मी सांगते, 'गाडीखाली झोपले होते.' सगळे हसतात. मग कुणाचं तरी लक्ष माझ्या नखांकडे जातं आणि हसणं थांबतं.

गाडी १९६६ची आहे. स्टँडर्ड हेराल्ड. आईबाबांच्या पिढीला नुसतं नाव पुरतं, तुमच्या-माझ्यासाठी थोडं सांगावं लागेल. लायसन्स राजच्या काळात आपल्याकडे गाडी म्हणजे मुख्यतः तीन नावं : कलकत्त्याची अँबेसेडर, आपल्या कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची हेराल्ड. इंग्लंडमध्ये ट्रायम्फने ती १९५९ साली आणली. रूप दिलं ते जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाने. १९६१पासून ती मद्रासला बनू लागली. सुरुवातीची हेराल्ड दोन दारांची. चार दारं आली ती साठचं दशक संपता संपता.

दोन दारं आहेत म्हणून मामा तिला 'स्पोर्ट्स गाडी' म्हणायचा. आम्ही पोरं खिदळायचो. इंजिन जेमतेम ९४८ सीसी, त्यात कसली आलीय स्पोर्ट्स? पण मामा अगदीच थापा मारत नव्हता. इंग्लंडमध्ये याच हेराल्डची कुपे निघाली होती. शिवाय हिच्याच चॅसिसवरून पुढे स्पिटफायर आणि जीटी-६ या खऱ्याखुऱ्या स्पोर्ट्स गाड्या जन्मल्या. म्हणजे बहिणी तिकडे रेस ट्रॅकवर आणि ही इकडे खालापूरला, पत्र्याच्या शेडमध्ये.

मामा खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होता. १९७८ साली त्याने ही गाडी सेकंडहँड घेतली आणि शेवटपर्यंत तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. २०१९ साली तो गेला. मग लॉकडाऊन आला. दोन पावसाळे गाडी जागची हलली नाही. २०२१च्या दिवाळीत मामीचा फोन आला, 'भंगारवाला पंधरा हजार म्हणतोय. तुला हवी तर ने, नाहीतर देऊन टाकते.' मी म्हटलं, 'थांब, येते.' का म्हटलं, ते विचारू नका. मला तोवर साधा टायर बदलता येत नव्हता.

मग सुरू झाली माझी शनिवारची वारी. ठाण्याहून खोपोली लोकल मिळाली तर बरं, नाहीतर कर्जतला उतरायचं आणि पुढच्या गाडीची वाट बघत स्टेशनवरचा वडापाव खायचा. तिथे बसलं की एक गंमत दिसते. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या इथे थांबतात आणि त्यांना मागून जादा इंजिनं लागतात. भोर घाटाची चढण एकट्याने चढायची नसते. मागून कुणीतरी ढकलावं लागतं. तेव्हा मी ते नुसतं बघायचे. अर्थ लागला फार उशिरा.

हेराल्डची एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी आवडली. तिचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे कलतं. मगरीने जबडा उघडावा तसं. तुम्ही चक्क पुढच्या टायरवर बसून इंजिनचं काम करू शकता. आजच्या गाडीत बॉनेट उघडलं की काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं. इथे सगळं उघडं, पितळ-पोलादाचं आणि हाताला येणारं.

खोपोलीचे एक जुने मेस्त्री आठवड्यातून दोन तास द्यायला तयार झाले. त्यांनी माझा नवाकोरा मिलिमीटरचा पाना-सेट बघितला आणि मान हलवली. 'ताई, ही इंची गाडी. हिला सुती पाने लागतात.' एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सुती म्हणजे अर्धा इंच. मिलिमीटरचा पाना जबरदस्तीने घातला की नटाचे कोपरे झिजतात आणि मग बसा छिन्नी-हातोडी घेऊन. मामाचा सुती पान्यांचा डबा माळ्यावर होता. मामीने तो न सांगता काढून दिला. तेव्हाच माझी ट्यूब पेटायला हवी होती.

पहिल्या सहा महिन्यांत मी काय काय शिकले! हेराल्डची बॉडी चॅसिसवर बोल्टने बसवलेली असते. त्यामुळे पत्रा सडला तरी तुकड्या-तुकड्याने बदलता येतो. पण चॅसिसचे बाहेर आलेले हात सडले, तर वरचा चकचकीत पेंट काही कामाचा नाही. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. तो वरून पडतो तेवढाच खालूनही उडतो. आधी चॅसिसला वेल्डिंग, मग गंजाचा बंदोबस्त आणि रंग सगळ्यात शेवटी.

इंजिनची आणखी एक भानगड. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. आपल्या फुफ्फुसांसाठी छानच झालं, पण जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हला शिशाचीच गादी होती. ती गेली की व्हॉल्व्हची बैठक हळूहळू झिजते. म्हणून हेड उघडलंच होतं, तर कडक पोलादाच्या सीट बसवून घेतल्या. आता त्यात इथेनॉलची भर पडलीय. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. पेट्रोल पंपाचा पडदा आणि पाइप फुगतात, चिरतात. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. चार महिने पावसात गाडी उभी ठेवा आणि मग टाकीच्या तळाशी काय जमतं ते बघा. म्हणून इथेनॉलला टिकणारे पाइप घातले आणि पावसाळ्यातही दर रविवारी इंजिन चांगलं गरम होईपर्यंत गाडी फिरवायची, असा नियम केला.

हे सगळं मी मेस्त्रींकडून आणि मोबाइलवरचे व्हिडीओ बघून शिकत होते. मामी? ती चहा आणून द्यायची, पायरीवर बसायची आणि बघायची. मला वाटायचं, बिचारी एकटी असते, तेवढाच विरंगुळा.

मे २०२२. गाडी चालू झाली. सायलेन्सरमधून पहिला धूर आला तेव्हा मी अंगणात नाचले. ठरलं, पहिली फेरी शिंग्रोबाची. जुन्या हायवेने घाट चढताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते, असं सगळे सांगतात. ड्रायव्हर लोक त्याला नमस्कार केल्याशिवाय पुढे जात नाहीत. मामीने नवी साडी नेसली, नारळ मांडीवर घेतला. मेस्त्री म्हणाले होते, 'ताई, पुढची चाकं खोलून बघू, मग जा.' मी म्हटलं, 'मी सगळीकडे स्वतः ग्रीस मारलंय, चाचा.' फुशारकी दुसरं काय!

गल्लीतून हायवेला लागायचं होतं. वेग पायी चालणाऱ्याइतका. मी स्टिअरिंग उजवीकडे वळवलं आणि डाव्या बाजूने 'कट्' असा आवाज आला. गाडीचं नाक एकदम खाली बसलं. डावं चाक आडवं होऊन मडगार्डाखाली दुमडलं होतं, मोडलेल्या पायासारखं. समोरून एक टँकर हॉर्न वाजवत निघून गेला. मामीच्या मांडीवरचा नारळ घरंगळत पेडलपाशी आला.

माझे हात थरथरत होते. अजून दहा-पंधरा मिनिटांनी आम्ही घाटाच्या वळणावर असतो.

मामी काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'तू तिथे तेल घातलं होतंस ना?'

'ग्रीस घातलं होतं.'

'ग्रीस नाही गं. हे तिथे तेल घालायचे. गिअरचं. दर दोन महिन्यांनी. मीच तर डबा धरायचे.'

तर ते प्रकरण असं. हेराल्डच्या पुढच्या चाकाचा उभा पोलादी दांडा खाली एका पितळी तुकड्यात आट्यांनी फिरतो. त्या तुकड्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग वळवलं की दांडा स्क्रूसारखा त्यात फिरतो. तिथे लागतं पातळसर गिअर ऑइल, नव्वद नंबरचं. ग्रीस आट्यांत खोलवर पोचत नाही, वरच सुकतं. आत पाणी शिरतं, दांडा आतून गंजत जातो आणि एक दिवस हळू वेगात, पूर्ण वळणावर, तुटतो. स्पिटफायरवाले जगभर याच दुखण्याला घाबरून असतात. दांडा आधीच गंजलेला होता, त्या दोन-अडीच वर्षांत तेल गेलंच नव्हतं. पण मेस्त्रींचं ऐकून चाक खोललं असतं तर गंज दिसला असता. ग्रीसच्या भरवशावर मामीला शेजारी बसवून निघाले, ती चूक निव्वळ माझी.

तिथून कामाची पद्धतच बदलली. मेस्त्रींनी नियम घालून दिला : ज्यावर जीव टांगलाय, ते लेथवर बनवायचं नाही. पाट्याचे बुश, वॉशर, दाराची बिजागरी खोपोलीत मस्त बनतात. पण तो दांडा घडीव पोलादाचा, तो नवाच हवा. इथे बहिणी कामाला आल्या. स्पिटफायरचे पार्ट इंग्लंडमध्ये आजही मिळतात. दोन्ही बाजूंचे दांडे आणि ट्रनियन मागवले. कस्टम ड्युटी भरताना मात्र डोळ्यांत पाणी आलं.

आणि मी मामीला पायरीवरून उठवून शेडमध्ये आणलं.

तिला काय काय माहीत होतं! डिस्ट्रिब्युटरचा पॉइंट किती उघडा ठेवायचा, ते मामाने पोस्टकार्ड दुमडून तिला दाखवलं होतं. मागच्या चाकांची रचना अशी आहे, की वेगात वळणावर शिरून मध्येच एकदम ॲक्सिलरेटर सोडला तर बाहेरचं चाक आत दुमडू पाहतं आणि गाडी मागून सुटते. हे तिच्या भाषेत, 'वळणाआधी हळू व्हायचं, वळणात घाबरायचं नाही.' मामाला चाळिशी लागल्यावर बारीक स्क्रू तीच बसवायची. चाळीस वर्षं बॅटरी हिने धरली, पाने हिने दिले. गाडी मात्र एकदाही चालवली नाही.

'शिकवली नाही मामाने?'

'मी विचारलं नाही, त्यांनी म्हटलं नाही.' एवढंच बोलून ती पाने पुसायला लागली.

कागदपत्रांची वेळ आली तेव्हा मी तिला दोन पर्याय सांगितले. २०२१च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' सीरिजचा नंबर मिळतो. पण मग ती प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला नि दुरुस्तीला नेता येते, रोज वापरता येत नाही. नाहीतर नेहमीचं रजिस्ट्रेशन, दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवायचं. त्याची फी २०२२मध्ये सहाशेवरून एकदम पाच हजार झाली होती. मामी म्हणाली, 'शोभेची नको. बाजारात न्यायचीय.' वारस म्हणून गाडी तिच्या नावावर झाली. आरसी बुकावर स्वतःचं नाव तिने दोनदा वाचलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या पैशांत चांगली नवी गाडी नसती आली? डाऊन पेमेंट नक्की झालं असतं. जुनी गाडी घेऊन पैसे वाचवू, असा विचार कुणाच्या मनात असेल तर त्याने कर्जतला उतरून वडापाव खावा आणि परत जावं. आणि ज्याला घ्यायचीच आहे त्याने रंग बघू नये. आधी खाली वाकून चॅसिस बघावं. आणि ती गाडी आजवर कुणी सांभाळली ते विचारावं. फक्त चालवणाऱ्याला नाही, बॅटरी धरणाऱ्यालाही.

गेल्या शनिवारी ब्रेकचं काम होतं. हेराल्डला ब्रेकची एकच लाइन. एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक गेले. त्यामुळे सील बदलले की लाइनमधली हवा काढावी लागते आणि ते काम एकट्याचं नाही. एकाने गाडीत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली झोपून निपल सैल करायचा, बाटलीत बुडबुडे येऊ द्यायचे, निपल आवळायचा, मग वरच्याने पाय उचलायचा. चुकीच्या वेळी पाय उचलला की हवा परत आत.

मी मागच्या चाकापाशी आडवी झाले. 'मामी, ब्रेक दाब!'

'दाबला.'

'धर... सोड.'

असं वीस-बावीस वेळा झालं. बाटलीतले बुडबुडे थांबले. मी खालून म्हटलं, 'झालं, ये बाहेर.'

'नाही झालं,' वरून आवाज आला. 'अजून हवा आहे. पायाला कळतंय.'

मी पुन्हा निपल सोडला. एक बुडबुडा आला. एकच, शेंगदाण्याएवढा.

पुढच्या महिन्यात मामीची लर्निंग लायसन्सची परीक्षा आहे. वय सदुसष्ट. खुणांच्या पाट्या पाठ चालू आहेत. पास झाली की शिंग्रोबाला जायचंय. तो नारळ अजून बाकी आहे. घाटात गाडी मीच चालवणार, पण शेजारी ती असेल. ती 'थांब' म्हणाली की मी थांबणार.