आज गावाला जाऊ नका

उजव्या कानाने कमी ऐकू यायला लागलं तेव्हा मी आयसीयूतून मेडिसिन वॉर्डात बदली मागून घेतली. पंपाची बारीक पीप ऐकू येत नसेल तर तिथे थांबण्यात अर्थ नाही. वॉर्डात आल्यावर आणखी एक सवय सुटली. हातात इंजेक्शनचा ट्रे, पाय पुढच्या खाटेकडे आणि तोंडाने नातेवाइकांना उत्तर, हे आता जमत नाही. डावा कान पुढे करून समोर उभं राहावं लागतं. आणि समोर उभं राहिलं की माणूस विचारतोच, "सिस्टर, आबांचं कसं वाटतंय?"

एरवी उत्तर असतं. अडते ती एकाच वेळी. बीपी ठीक, ऑक्सिजन ठीक, ताप नाही. पण काल चहा पाणचट म्हणून कुरकुरणारे आबा आज कप तसाच ठेवतात, चादर चिवडतात, उशीला टेकायला तयार नसतात. मी घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजते. (चार्टवर सगळ्या वॉर्डाचा श्वास 20 असतो. एवढी एकजूट आमच्या युनियनमध्येही नाही.) पेशंट किती बिघडलाय ते गुणांनी मोजणाऱ्या, 2017 च्या सुधारित न्यूज स्कोअरमध्ये श्वास 25 झाला की एकट्या त्याचेच तीन गुण लागतात. आबा 23 वर असतात. नेदरलँड्समध्ये नर्सला वाटणाऱ्या काळजीचीच चिन्हं मांडून एक निर्देशांक केलाय. 'मला बरं वाटत नाही' असं पेशंटने स्वतः म्हणणंही त्यात धरतात. आबा तेही म्हणत नाहीत.

डॉक्टरांना सांगायची चौकट ठरलेली आहे: काय झालं, आधीचं काय, मला काय दिसतंय, तुमच्याकडून काय हवंय. मुलाला सांगायची चौकट नाही. "बरे आहेत" म्हटलं तर तो धार काढायला गावी निघतो. "बिघडतायत" म्हणावं तर निदान माझ्या हातात नाही, आणि राउंडला डॉक्टर वेगळं बोलले की दोघांवरचाही विश्वास उडतो. म्हणून दिसतं तेवढंच सांगते. "सकाळपेक्षा श्वास जोरात चाललाय. डॉक्टरांना बोलावलंय. आज गावाला जाऊ नका." पहिली दोन वाक्यं त्याच्या कानावरून जातात. तिसऱ्याला चेहरा उतरतो आणि सुरतेच्या बहिणीला फोन लागतो. संध्याकाळी आबा उठून बसले, की बुडालेला रोज आणि बहिणीचं गाडीभाडं त्याच्या नजरेत दिसतं. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगते. वाटतं.

बड्या खासगी रुग्णालयांत "काळजी करू नका सर" म्हणायला गळ्यात कार्ड घातलेली माणसं ठेवतात. असल्या पोकळ दिलाशावर नाइटिंगेलबाईंनी 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये एक आख्खं प्रकरण लिहून ठेवलंय. आमच्या नव्या मुलींना नर्सिंगचा सिद्धांत मांडणाऱ्या पेप्लाउबाई आणि त्यांचं 1952 सालचं पुस्तक परीक्षेपुरतं पाठ असतं. गप्प बसणं हेही संवादाचं तंत्र आहे, असं मुली पेपरात लिहितात. रात्री 40 खाटांना दोघी असताना कोणाच्या उशाशी गप्प बसायचं, ते पेपरात येत नाही.

पण माझंही सगळं निर्मळ नाही. "डॉक्टर काही म्हणू द्यात, सिस्टर काय म्हणतात?" हे कोणी म्हटलं, की मी ते ड्युटी रूममध्ये चहाबरोबर दोनदा सांगते. त्याहून वाईट म्हणजे, मी ज्याच्यावर बोट ठेवलं तो पेशंट खरोखर बिघडला, की धावपळ सुरू व्हायच्या आधी पोटात क्षणभर बरं वाटतं. अंदाज बरोबर निघाल्याचं.

परवा शेवटच्या वर्षाची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तेरा नंबरच्या आजी आज वेगळ्या वाटतायत." मी नुकतीच तिथून आले होते. मला काही वाटलं नव्हतं. पुन्हा जाऊन श्वास मोजला, तो तिचं चुकलेलं निघावं म्हणूनच. 28 भरले. डॉक्टरांना फोन मी तिलाच करायला लावला. बाहेर आजींची सून उभी होती, तिच्याशी बोलायला मात्र मीच गेले.