कानडा राजा, कर्ण्यातून

गाण्याची कुंडली आधी मांडतो. ‘कानडा राजा पंढरीचा’. चित्रपट ‘झाला महार पंढरीनाथ’, साल १९७०. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल सुधीर फडक्यांची, आवाज दोन : स्वतः फडके, म्हणजे बाबूजी, आणि पंडित भीमसेन जोशी. चित्रपट आता फारसा कुणी बघत नाही. गाणं मात्र पंढरपुरात बारा महिने कुठे ना कुठे लागलेलं असतं. तुळशीमाळा, बुक्का, टाळ-चिपळ्या विकणाऱ्यांच्या दुकानांत, रिक्षात, मठांच्या ओसरीवर. ऐकणाऱ्यांतले कितीतरी जण ते संतांचा अभंग म्हणूनच ऐकतात.

*

ही समजूत अडाणीपणाची नाही. गाण्याची बांधणीच अभंगासारखी आहे. धृपद, मग आटोपशीर कडवी, प्रत्येक कडवं यमकानं पुन्हा धृपदाकडे वळणारं. एकच गोष्ट कमी आहे, ती म्हणजे नाममुद्रा. अभंगाच्या शेवटच्या चरणात तुका, नामा, चोखा, जनी, कुणीतरी आपलं नाव सांगून जातं. गदिमांनी तिथे स्वतःचं नाव घातलं नाही, ते बरोबरच. चित्रपटगीतात ते शोभलंही नसतं. पण ती जागा त्यांनी रिकामी सोडली नाही. जिथे सही यायची, तिथे त्यांनी चार भक्तांची नावं लावली : नामदेव, चोखोबा, पुरंदरदास, दामाजी. गीतकार इतका बाजूला सरकला की लोकांनी त्याला खरोखरच बाजूला केलं.

*

या चार नावांचा नकाशा काढून बघावा. नामदेवाची पायरी महाद्वारात. चोखोबाची समाधी तिच्या समोर, हाकेच्याही आतल्या अंतरावर. दामाजीचं मंगळवेढं इथून वीस-पंचवीस किलोमीटर. एकटे पुरंदरदास लांबचे, हंपीकडचे. गदिमांचा जन्म शेटफळ्याचा, गाव माडगूळ, म्हणजे शेजारच्याच माणदेशातला. त्या मुलखातल्या माणसाला ही नावं पोथीतून शोधावी लागली नसणार.

*

गाण्यातला विचार क्रमानं खाली उतरत येतो. सुरुवात वेदांपासून, तीही वेद हरल्यापासून. मग निर्गुण निराकार ईश्वर विटेवर कसा आला याचं नवल. मग नदीकाठी काही न बोलता उभं राहिलेलं परब्रह्म. आणि शेवटी नामदेवाची खीर, चोखोबाची गुरं, दामाजीचं सरकारी धान्य. उपनिषदांतून निघालेलं गाणं तीन कडव्यांत गोठ्यात पोचतं.

माझ्या मते सगळ्यांत मोठी कल्पना मधल्या कडव्यात आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. गदिमा सुचवतात की विटेवरची मूर्ती म्हणजे पुंडलिकाच्या मनातला भाव, त्यालाच हातपाय फुटले आहेत. म्हणजे देव आला आणि भक्ताला भेटला, असं नाही; भक्ताच्या आतलंच काहीतरी बाहेर येऊन उभं राहिलं. यासाठी त्यांनी तर्कशास्त्राच्या पोथीतला ‘सावयव’ हा जड संस्कृत शब्द सिनेमाच्या गाण्यात बसवला आहे, आणि तो खटकत नाही. रिक्षावाले, माळकरी, शाळेतली पोरं, सगळे तो सरळ म्हणून जातात.

*

चोखोबाच्या गुरांबद्दल थोडं थांबून. चोखोबा मंगळवेढ्याचे. वाट्याला आलेलं काम मेलेली गुरं ओढायचं. १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू असताना भिंत अंगावर कोसळून गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणून महाद्वाराशी समाधी बांधली, अशी परंपरा सांगते. दाराशी, म्हणजे दाराच्या बाहेर. पुढे कितीतरी शतकं चोखोबाच्या माणसांना तिथून आत पाऊल टाकता आलं नाही. मे १९४७ मध्ये साने गुरुजी मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, तेव्हा दार उघडलं.

गाणं त्यानंतर अवघ्या तेवीस वर्षांनी आलं. त्यात देव चोखोबाची गुरं राखतो. हे वाक्य गोड करूनही म्हणता येतं आणि टोचेल असंही म्हणता येतं. गुरं राखायला देव बाहेर येऊ शकत होता, चोखोबा आत जाऊ शकत नव्हता. ध्वनिमुद्रणात ते गोडच म्हटलं आहे. माझी त्याला हरकत नाही, पण समाधीपुढे उभं राहून ऐकलं की तो गोडवा थोडा फाटतो.

*

दामाजीचं नाव शेवटी येण्यामागे चित्रपटाची गरज आहे. दुष्काळात दामाजीपंतांनी बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारं रयतेला उघडून दिली. त्यांना पकडून नेलं, तेव्हा विठोबानं महाराचं रूप घेऊन दरबारात रक्कम भरली आणि पावती घेतली. चित्रपटाचं नावच त्यावरून. गाणं त्या नावावर संपतं, म्हणजे थेट कथेच्या दारात संपतं. गदिमा पटकथाही लिहीत. गाणं गोष्टीच्या कुठल्या खिळ्याला टांगायचं हे त्यांना नेमकं ठाऊक असे.

*

देवाचं कानडेपण. ज्ञानेश्वरांपासून चालत आलेला विषय, रा. चिं. ढेऱ्यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये सविस्तर मांडलेला. मंदिरात सोळखांबीच्या तुळईवर होयसळ राजा सोमेश्वराच्या वेळचा १२३७ चा लेख आहे, संस्कृत आणि कानडी. एवढं पुरे. मला गंमत वाटते ती गायकाची. भीमसेन गदगचे, घरची भाषा कानडी, आणि पुरंदरदासांची पदं त्यांनी मैफलीमैफलीत गायली. पुरंदरदासांचं नाव असलेलं मराठी गाणं कानडी गळ्यातून, कानडी राजाबद्दल. निवड चालीच्या गरजेनं झाली असेल, पण याहून नेमकी झाली नसती.

*

आता ध्वनिमुद्रण. १९७० सालचं चित्रपटगीत म्हणजे एकच पट्टी, मोनो. डावा-उजवा कान नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे गायक आणि वादक एकाच वेळी, एकाच दालनात किंवा काचेपलीकडे. आजच्यासारखं आज तबला, उद्या बासरी, परवा गायक, आणि हुकलेली ओळ तेवढी पुन्हा भरायची, ही सोय नाही. वादक शेवटच्या कडव्यात चुकला तर बहुधा सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून.

अशा वेळी ध्वनिमुद्रकाच्या हाती मोठं हत्यार एकच : अंतर. कुणाला माइकजवळ बसवायचं आणि कुणाला लांब. दोन पुरुषांचं गाणं तर त्याची परीक्षाच. बाई-पुरुष असले की आवाज आपोआप वेगळे पडतात. दोन पुरुष एकमेकांत मिसळून चिखल होतो. इथे तसं झालं नाही, कारण दोघांची कामंच वेगळी आहेत. बाबूजी शब्द सरळ ठेवतात, एकेक अक्षर धुतलेलं. भीमसेन तोच शब्द उचलतात आणि स्वरात फिरवतात. एक अर्थ सांगतो, दुसरा त्याची उंची दाखवतो. चाल बाबूजींची असून त्यांनी समोरच्याला आपल्यापेक्षा मोठं मैदान दिलं आहे. संगीतकार स्वतः गात असतो तेव्हा असं क्वचित होतं.

*

टाळ नीट का ऐकू येत नाहीत? मूळ चित्रपटातला आवाज फिल्मच्या कडेला प्रकाशानं छापलेला. त्या पद्धतीत आठ हजार हर्ट्झच्या वर जवळपास काही उरत नसे. टाळाचा किणकिणाट बराचसा त्याच्या वर राहतो. म्हणून जुन्या भक्तिचित्रपटांतले टाळ कोरडे वाजतात, नुसता ‘टिक्’. वाळवंटात शंभर टाळकरी पावली खेळताना जो झळाळ उठतो, तो त्या फिल्मवर मावतच नव्हता.

*

‘विठ्ठल’ या नावात मधेच एक कणभर शांतता आहे. जीभ टाळूला लागते, हवा अडते, मग ठ सुटतो. टाळकरी नेमका तिथे ठोका टाकतात. भीमसेनांच्याच ‘तीर्थ विठ्ठल, क्षेत्र विठ्ठल’मध्ये हे सगळ्यांत चांगलं कळतं. अभंग नामदेवांचा, चाल राम फाटकांची, आकाशवाणी पुणे केंद्रासाठी केलेली. नाव इतक्या वेळा येतं की अर्थ मागे पडून नुसता तो ठोका उरतो. ‘कानडा राजा’च्या शब्दांत गदिमांनी विठ्ठल हे नावच टाळलं आहे. तिथे विचार ऐकवायचा आहे.

*

वारकऱ्यांच्या फडातलं भजन आणि ध्वनिमुद्रिका यांतला मुख्य फरक पट्टीचा. वारकरी काळी चार, काळी पाचला गातात. परमुलखातून आलेल्याला ते ओरडणं वाटतं. त्याचं कारण साधं आहे : दिंडीत माइक नसतो, वीणेकऱ्याच्या मागे पन्नास-शंभर टाळ आणि मृदंग, त्यावरून शब्द शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, तर गळा उंच चढवावाच लागतो. माइकनं ती सक्ती काढून टाकली. गायक खाली उतरला, कानाशी आला. काही मिळालं, काही गेलं. लता मंगेशकर-श्रीनिवास खळ्यांचे तुकोबांचे अभंग हे त्या कानाशी आलेल्या गाण्याचं टोक. फडातला जुना माणूस ते ऐकून मान डोलवेल, पण त्यावर पाऊल टाकणार नाही.

*

पंढरपुरात ही सगळी गाणी शेवटी कर्ण्यातून ऐकू येतात. कर्णा खालचे स्वर गिळतो, वरचे कापतो, मधला भाग पुढे ढकलतो. पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक लावून जो घुमारा आणतात, तो गेला. भीमसेनांचा खर्ज गेला. राहतात बाबूजींची व्यंजनं. यात्रेच्या गर्दीत लांबून येणाऱ्या या गाण्याचा शब्द न् शब्द कळतो, याचं श्रेय त्यांच्या स्वच्छ उच्चाराला.

*

कर्ण्यासाठीच जन्मल्यासारखा आवाज प्रल्हाद शिंद्यांचा. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ : शब्द दत्ता पाटलांचे, चाल मधुकर पाठकांची. शिंदे घराणं मूळचं मंगळवेढ्याचं, म्हणजे चोखोबा-दामाजींच्या गावचं. त्यांच्या गाण्यात तत्त्वज्ञान नाही; संसाराचा त्रास मागे टाकून निघालेला माणूस आहे. कॅसेटच्या काळात एसटी स्टँडवर आणि ट्रकात जे गाणं टिकलं, ते हे. जाणकारांनी याला कमी लेखलं, ते चुकीचं होतं. वाट चालणाऱ्याला वेदांचं कौतुक नको असतं, पाऊल उचलणारा ठेका हवा असतो.

*

मुंबईतली काही तरुण पोरं ‘अभंग रिपोस्ट’ नावाचा बँड करून बास गिटारवर अभंग गातात. खर्ज परत आला, एवढं तरी मान्य करावं लागेल.

*

रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद, हा नियम २००० सालचा. सणासुदीला वर्षातून काही दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत. पहाटेच्या काकड्याला मात्र माइक कधीच लागला नव्हता.

*

एक मागणं. हे गाणं मोबाइलवर पाठवताना, मंडळाच्या पेनड्राइव्हवर भरताना, व्हिडिओखाली नाव टाकताना लोक एकट्या भीमसेनांचं नाव लिहितात, नाहीतर सरळ ‘पारंपरिक अभंग’ असं लिहून मोकळे होतात. नाममुद्रा गदिमांनी घातली नाही, ती आपण घालू. तिन्ही नावं लिहा : ग. दि. माडगूळकर, सुधीर फडके, भीमसेन जोशी.