कांद्याला सावली

कांद्याला ऊन सोसत नाही, हे आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चैत्र लागला की निफाड, चांदवड, येवला, देवळा या पट्ट्यात उन्हाळ कांद्याच्या माना पडू लागतात, पात पिवळी होऊन आडवी होते आणि काढणीची एकच घाई उडते. उपटलेला कांदा वाफ्यात असा मांडतात, की एका ओळीची पात शेजारच्या ओळीतल्या कांद्यांवर यावी. तीन-चार दिवस तो असा पातीखाली सुकतो. मग बोटभर मान राखून पात कापायची आणि ढीग सावलीला न्यायचा. पुढे चाळ. तीही वाऱ्याचा रस्ता बघून बांधलेली, खालून हवा खेळेल अशी. उघड्यावर राहिलेला कांदा उन्हानं भाजतो आणि चाळीत पहिला तोच सडतो. म्हणून एवढी निगा.

ती पात ज्या बाया कापतात, त्या मात्र उन्हात बसलेल्या असतात.

पुष्कळ जणी सुरगाणा-पेठकडून आलेल्या. लुगड्यावर घरधन्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यावर पदर, पदरावर रुमाल. उकिडवं बसून डाव्या हातानं कांद्यांची जुडी धरायची, उजव्या हातातल्या विळ्यानं पात उडवायची आणि बसल्या बसल्याच पुढे सरकायचं. तान्हं मूल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली बांधलेल्या झोळीत, कारण मैलभर दुसरी सावली नसते. काम बहुतेक उक्तं, एकरावर ठरलेलं. दिवस उजाडायच्या आत पिकअप येते, ऊन चढेपर्यंत बरं असतं. पण उक्तं घेतलं की दुपार सोडून भागत नाही.

उन्हाळ्यात तब्येत सांभाळायची म्हणजे आधी दुपार सांभाळायची, असं मला अलीकडे फार वाटू लागलं आहे. पन्हं, ताक, सब्जा, वाळ्याचं पाणी हे सगळं त्यानंतर. जुन्या नाशकातली घरं याच हिशेबानं बांधलेली होती. जाड भिंती, मधे चौक, आत अंधारं माजघर. बाराच्या सुमाराला दिंडीदरवाजा लोटला की चारपर्यंत गल्लीत चिटपाखरू दिसायचं नाही. शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर. दिवस तापला तरी रात्र निवायची, आणि रात्र निवली की शरीर दुसऱ्या दिवसासाठी उभं राहायचं. आता वाडे पडले, स्लॅब आले. दिवसभर प्यालेलं ऊन स्लॅब रात्रभर ओकत राहतो. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. झाडांच्या बाबतीत तर बोलायलाच नको. 2025 सालच्या नोव्हेंबरात सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायचा प्रस्ताव आला, तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले. त्यांना मी मनापासून नमस्कार करते. सावली ही शहराची औषधपेटी आहे.

ऊन माणसाला कसं मारतं, हे माठाकडे पाहिलं की कळतं. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी हवेत उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार. शरीराचंही तेच. घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो उडायला हवा. हवा कोरडी असली आणि आत पाणी असलं, तर माणूस बेचाळीस अंशांतही निभावून नेतो. हवा दमट असली की घाम अंगावरच राहतो आणि चाळिशीच्या आतलं ऊनही जीव घेतं. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात तेच झालं. माणसं श्रद्धेनं आली, तासन् तास उघड्या मैदानात बसली. जवळच्या केंद्रावर पारा अडतीसच्या आसपास होता. चौदा जण गेले. तेव्हापासून एप्रिल-मेमधल्या कुठल्याही कार्यक्रमाची पत्रिका हातात आली की मी आधी वेळ बघते आणि मग मांडव आहे का ते विचारते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असं आपल्याकडे सर्रास मानतात. भाकरीबरोबर कांदा जरूर खावा, पण खिशातल्या कांद्याच्या भरवशावर कुणी भर दुपारी घराबाहेर पडू नये. डोकं दुखणं, मळमळणं, पायात गोळे येणं ही पहिली हाक. तेव्हाच सावलीत बसावं. लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट घ्यावं. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग चटके बसावे इतकं तापलं, तर तो उष्माघात समजावा. ताप उतरवायची गोळी तिथे काही करत नाही. कपडे सैल करायचे, अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा, मानेला-काखेत बर्फ धरायचा आणि 108 ला फोन करायचा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जातं.

हे सगळं ऐकून घेतल्यावर कांदा कापणाऱ्या एका बाईनं मला जे सांगितलं, त्यानं मी गप्पच झाले. ‘‘ताई, पाणी हाये की. पर पिऊन जायचं कुठं?’’ सपाट रान, काढणी झालेलं. झुडुपाचासुद्धा आडोसा नाही. शेजारी ट्रॉली भरणारे गडी. म्हणून बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. नुसती जीभ ओली करतात. संध्याकाळी डोकं ठणकतं, उन्हाळी लागते, कुणाला मूतखडा होतो. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला भिंतीभिंतीवर रंगवलेला आहे. तो या बाईपर्यंत पोचायचा तर पाण्याआधी तिला आडोसा लागेल.

उन्हातल्या माणसाला सावली देणं जमणारं नाही असं मला कुणी सांगू नये, कारण याच मुलखात, याच महिन्यात मी ते जमलेलं पाहिलं आहे. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत वणीच्या सप्तशृंग गडावर यात्रा असते. धुळे, जळगाव, नंदुरबार इकडून खानदेशातली माणसं आईच्या भेटीला पायी निघतात, कित्येक अनवाणी. मालेगाव, देवळा, कळवण करत गडाच्या पायथ्याच्या नांदुरीला पोचायचं. खानदेशातलं ऊन म्हणजे भट्टी. तरी ही माणसं चालतात ती दुपारला मान देऊन. रात्री आणि पहाटे वाट तुडवायची. ऊन चढलं की देवळात, आंब्याखाली, एखाद्याच्या पडवीत पाठ टेकायची. आणि वाटेवरची गावं त्यांच्यासाठी काय करतात! मांडव घालतात, रांजण भरून ठेवतात, सरबत वाटतात, पायाच्या फोडांना मलम लावतात, मोटार चालू करून पाइपाखाली न्हाऊ घालतात. कुणाला परिपत्रक काढावं लागत नाही. देवीची लेकरं म्हणून ते आपसूक होतं.

कांदा कापणारीही गडाला कधीतरी नवसाला गेलेली असते. त्या वाटेवर तिला ‘माउली, बसा थोडं’ म्हणणारं गाव आपल्या शेतात तिला हातभर सावली देऊ शकतं. बारा ते चार काम बंद, त्याबद्दल उक्त्यात कपात नाही, पहाटे लवकर सुरुवात, उरलं तर संध्याकाळी. चार बांबूंवर ताणलेलं शेडनेट, ते ढिगाबरोबर पुढे सरकवता येतं. बांधावर एक माठ. आणि थोडं लांब, जुन्या साडीचा का होईना, चारी बाजूंनी बंद आडोसा. बांबू आणि शेडनेटचे तुकडे बहुतेकांच्या शेडमध्ये द्राक्षाच्या हंगामापासून पडलेलेच असतात.