वाऱ्याची वाट

स्पॅनिश भाषेत खिडकीला 'वेंताना' म्हणतात. उच्चारात ती 'बेंताना' होते. या शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'वेंतुस्' आहे, म्हणजे वारा. जुन्या स्पॅनिशमध्ये लॅटिन 'फेनेस्त्रा'पासून आलेला 'फिनिएस्त्रा' हा शब्दही होता. पुढे तो मागे पडला आणि वाऱ्याचे नाव रूढ झाले. नाकपुडीलाही स्पॅनिश माणूस नाकाची 'वेंताना' म्हणतो. खिडकी हे घराचे श्वसनेंद्रिय होय, ही जाणीव त्या भाषेने अशी जपली आहे.

इंग्रजीतील 'व्हेंटिलेशन' हे याच 'वेंतुस्'च्या कुळातले. 'विंडो'चे नाते मात्र दूरचे. १३व्या शतकाच्या प्रारंभी इंग्रजीत दिसू लागलेला हा शब्द प्राचीन नॉर्स 'विंदाउगा'वरून आला. त्याचा अर्थ वाऱ्याचा डोळा. त्यातील 'विंद', लॅटिन 'वेंतुस्' आणि संस्कृत 'वात' यांचा आदिभारोपीय धातू एकच आहे. 'आउगा' आणि 'अक्षि' यांचेही गोत्र एकच.

येथे संस्कृतज्ञाला मोह पडतो. वातायन म्हणजे वाऱ्याची वाट, गवाक्ष म्हणजे गाईबैलाचा डोळा. मग 'वेंताना' आणि 'विंडो' ही त्यांचीच रूपांतरे का मानू नयेत? हा मोह आवरला पाहिजे. वारशाने मिळाले ते धातू. शब्द त्या त्या भाषेने आपापल्या घरात, आपापल्या काळी घडविले. वारसा नसतानाही कल्पना जुळावी, हे उलट अधिक मोलाचे आहे. धूर कोंडलेल्या घरात वारा हवासा वाटावा, बाहेर डोकावण्याची ओढ लागावी, यासाठी पूर्वज एक असावे लागत नाहीत.

मराठी 'खिडकी'ने तिसरीच वाट धरली. तिचे संस्कृत कोशांतील रूप 'खडक्किका', म्हणजे बाजूचे दार. गोव्यात १५१० नंतर पोर्तुगीज अंमल आला आणि कोकणीत 'जानेला'वरून 'जनेल' रुळले. त्या 'जानेला'च्या मुळाशी लॅटिन 'यानुआ', म्हणजे पुन्हा दारच. परस्परांच्या नात्यात नसलेले हे दोन शब्द एकाच किनाऱ्यावर शेजारी झाले.

'मेघदूता'तील यक्ष मेघाला मध्यरात्री वातायनाशी थांबून आपल्या जागत्या पत्नीला पाहावयास सांगतो. नावाने जी वाऱ्याची वाट, ती तेथे दृष्टीची झाली. आज वातानुकूलित इमारतींच्या कधीच न उघडणाऱ्या काचांनाही 'विंडो' आणि 'वेंताना'च म्हणतात. नावातला वारा तेवढा बाहेर थांबला आहे.