सातबारा आणि जामीन

आमच्या कवठे येमाईत 'जामीन' म्हणजे न्यायालय देते तोही, आणि त्यासाठी जो माणूस उभा राहतो तोही. परदेशातल्या नोकरीचे आमिष दाखवणारा एजंट जामिनावर बाहेर आला की लोक म्हणतात, "सुटला." जणू निर्दोष ठरला! ज्याने पैसे भरले तोच मग मान खाली घालून फिरतो.

एक घर व्हिसापायी वावर विकते. एजंटासाठी दुसऱ्याच कुणाचा सातबारा ऐपतीच्या दाखल्यासह न्यायालयात जातो. परवानाधारक एजंटाला कामगाराकडून सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर कर, एवढेच घेता येते, हे पैसे मोजताना कोण सांगणार?

खरी मेख कलमात आहे. फिर्यादीत नुसती फसवणूक आली (पूर्वीचे ४२०, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ३१८(४)), तर शिक्षा सात वर्षांपर्यंत. पुष्कळदा नोटिशीवर भागते, आणि न्यायालयाच्या परवानगीने तडजोडही होते. मानवी तस्करीचे १४३ लागले आणि बळी एकाहून अधिक असले, तर किमान दहा वर्षे, पुढे जन्मठेप, तडजोड नाहीच. घरच्यांना हवे असतात पैसे. म्हणून पुष्कळदा तेच सौम्य कलमाकडे झुकतात, आणि गावात मांडवली बसते. जामीन म्हणजे बुडीत पैशांची वसुली नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बजावले. तत्त्व आम्हांला पटते; वावर विकलेल्या बापाला ते कसे पटवावे, हे मात्र सुचत नाही.

आरोपीला शिक्षेआधीच कोंडून ठेवावे, असे आमचे म्हणणे नाही. पण एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबर विभागाने म्यानमारमधून साठाहून अधिक भारतीयांना सोडवले. नोकरीच्या आशेने गेलेल्यांना तिथे इतरांना फसवण्याच्या कामाला जुंपले होते. अशा मुलाने साक्ष द्यावी, तर स्वतःवरच बालंट येईल ही धास्ती. त्याच महिन्यात, उत्तर प्रदेशातील बालतस्करीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपींचे जामीन रद्द केले. दर आठवड्याला ठाण्यात हजेरी, एवढीही अट उच्च न्यायालयाने घातली नव्हती.

इथे तर साक्षीदार आणि आरोपी एकाच एसटीने शिरूरला तारखेला जाणार. पासपोर्ट जमा करावा, साक्षीदाराशी बोलू नये, साक्षी होईतो गावात येऊ नये, अशा अटी न्यायालय घालू शकते. मात्र जामिनाच्या सुनावणीला त्या आग्रहाने मागणारे कुणीतरी हजर असावे लागते.